आण्णांच्या पायाची चप्पल : चौदा महिने वापरून लिहिते आहे

ज्यांच्या घरात शुगरचा जुना पेशंट आहे त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. कोल्हापुरात अशा पायांसाठी मापानं चप्पल करून देणारे एक कारागीर आहेत. सुभाषनगरात आतल्या एका बोळात त्यांची दहा बाय बाराची खोली आहे. दारावर पाटी नाही. माझ्या वडिलांची चप्पल त्यांनी गेल्या वर्षी जूनमध्ये केली. एक आख्खा पावसाळा, एक उन्हाळा आणि आता हा दुसरा पावसाळा त्या चपलेनं काढलाय, म्हणून आता बोलायला हरकत नाही. नाव आणि नंबर कुठं देऊ नका असं त्यांनी मला स्पष्ट सांगितलंय. मी त्यांना दादा म्हणते, इथंही तेच लिहिते.

आधी आण्णांबद्दल सांगायला पाहिजे, नाहीतर चपलेचं मोल कळणार नाही.

आण्णा एस.टी.त ड्रायव्हर होते. एकतीस वर्षं. आंबा घाटातनं रत्नागिरी, गगनबावड्यावरनं खाली कोकणात. ड्युटीवर बूट, आणि घरी आलं की कापशी चप्पल. गल्लीच्या तोंडाशी ती करकर ऐकू आली की आई चहाचं आधण ठेवायची. कापशी म्हणजे कागल तालुक्यातल्या कापशीची, हे कोल्हापूरकरांना सांगायला नको. बाभळीची साल आणि हिरड्यात कमावलेलं कातडं, कातड्याच्याच वादीनं शिवलेला तळ, खिळा कुठंही नाही. २०१९ मध्ये आपल्या चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं, त्याची बातमी आण्णांनी मोठ्यानं वाचून दाखवली होती. त्यात कोल्हापूर, सांगली, साताऱ्याबरोबर सोलापूर आणि कर्नाटकातले चार जिल्हेसुद्धा आहेत म्हटल्यावर जरा हिरमुसले होते.

पण त्या चपलेची सगळी पकड अंगठ्यावर असते. पायाला कळत असेल तर माणूस नकळत अंगठा आवळून चालतो. आण्णांना कळेनासं झालं होतं. चप्पल पायातनं निसटून मागं राहायची आणि ते चार पावलं पुढं गेलेले असायचे. डॉक्टरांनी एक बारीक नायलॉनची तार तळव्याला दहा ठिकाणी टेकवून बघितली. आण्णांनी डोळे मिटलेले, प्रत्येक वेळी विचारायचं, लागतंय का. दहापैकी तीन ठिकाणी ते हो म्हणाले. कापशी बंद करा, अंगठ्याची चप्पल नको, मागं पट्टा असलेली घ्या, असं सांगितलं. मी एका दुकानातनं खोक्यावर डायबेटिक असं छापलेली चप्पल आणली. दिसायला मऊ होती. तिचा तळ चुका, म्हणजे बारीक खिळे, मारून बसवलेला होता, हे मी बघितलं नाही.

दोन वर्षांपूर्वीचा ऑगस्ट. माझी मुलगी अभ्यासाला बसली होती, ती म्हणाली, आई, फरशीवर काय पडलंय? बाथरूमपासून स्वयंपाकघरापर्यंत लाल ठिपके होते, एकेका पावलाच्या अंतरावर, सगळे उजव्या पायाचे. आण्णा पाणी पिऊन खुर्चीत जाऊन बसलेसुद्धा होते. मी म्हटलं, आण्णा, पायाला काय लागलंय? म्हणाले, कुठं काय? चप्पल उलटीसुलटी करून बघितली. आतल्या मऊ थरातनं एका चुकेचं टोक वर आलं होतं, तांदळाच्या अर्ध्या दाण्याएवढं. किती दिवस ते त्यावर चालत होते देव जाणे.

त्यात अंगठ्याशेजारचं बोट गेलं. जखम भरायला नऊ महिने लागले.

त्या नऊ महिन्यांत आण्णांनी मला एकदाही पायाला हात लावू दिला नाही. ड्रेसिंगला रोज बाहेरनं माणूस यायचा, तो आला नाही की दिवस तसाच जायचा. मी गरम पाणी, गॉज, सगळं घेऊन पुढ्यात बसायची. ते पाय आत ओढून घ्यायचे. लेकीनं माझी घाण काढायची न्हाई, एवढंच. आई असती तर तिलासुद्धा हेच म्हणाले असते.

मी वीस वर्षं चर्चच्या संडे स्कूलला, म्हणजे रविवारच्या धर्मवर्गात, शिकवते. बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानाचा तेरावा अध्याय दरवर्षी येतो. प्रभू येशू जेवणावरनं उठला, कमरेला रुमाल बांधला, गंगाळात पाणी ओतलं आणि शिष्यांचे पाय धुवायला बसला. धुळीच्या रस्त्यावरनं आलेल्या पाहुण्याचे पाय धुणं हे त्या काळी घरातल्या नोकराचं काम. पेत्र नावाच्या शिष्याची पाळी आल्यावर तो म्हणतो, माझे पाय तू कधीही धुवायचे नाहीस. मी पोरांना हा धडा नेहमी रुमालाच्या बाजूनं शिकवत आले : आपण लहान व्हावं, दुसऱ्याचं करावं. पेत्राचा नकार म्हणजे जरासा हट्ट, असं सांगून पुढं जायची. घरात पेत्र खुर्चीवर बसलेला बघितल्यावर मला कळलं की धुणाऱ्यापेक्षा धुऊन घेणाऱ्याला जास्त वाकावं लागतं. एकतीस वर्षं ज्यानं पन्नास माणसं घाटातनं सुखरूप उतरवली, त्याला आपला कुजणारा पाय लेकीच्या हातात देणं जमत नव्हतं. त्याला मी हट्ट कसं म्हणू?

दादांचं मला आमच्या भगिनी मंडळातल्या एका मावशींनी सांगितलं. त्यांच्या मिस्टरांची चप्पल तिथलीच.

पहिल्यांदा गेलो तेव्हा दादा कामात होते, रापीनं, म्हणजे कातडं कापायच्या पात्यानं, पट्ट्याची कड पातळ करत होते. वय पासष्टच्या आसपास. वर बघून म्हणाले, जुनी चप्पल आणलीसा? मी ती चुकेची चप्पल टाकून दिली होती, पण आण्णांची कापशी पिशवीत होती. त्यांनी ती उजेडाला धरली, उलटी केली, टाचेच्या बाहेरच्या बाजूवरनं अंगठा फिरवला. गाडी चालवत हुतासा काय, असं आण्णांना विचारलं. उजवा तळ कुठं झिजलाय, डावा कुठं, त्यावरनं त्यांना कळलं. आण्णा जरा मोकळे झाले ते तिथं. मग डॉक्टरांचा कागद मागितला. जखम पूर्ण भरल्याचं लिहिलेलं असल्याशिवाय ते माप घेत नाहीत. उघडी जखम घेऊन आलेल्या दोघांना त्यांनी आमच्यासमोर परत पाठवलं. आधी दवाखाना, मग हितं.

नंतर त्यांनी एक पसरट टब ओढला, बादलीतनं पाणी ओतलं आणि त्यात स्वतःचं कोपर बुडवून बघितलं. बाळाच्या अंघोळीचं पाणी बघतात तसं. ज्याच्या पायाला कळत नाही त्याला पाणी कढत आहे की कोमट हे विचारून उपयोग नसतो. कमरेला पंचा खोचला आणि खाली पाटावर बसले.

आण्णांनी पाय मागं घेतला. असू दे, असू दे, मी घरातनं धुऊनच आलोय.

दादा म्हणाले, धुतल्यात तुमी. बघितल्यात कुणी?

आण्णा काही बोलले नाहीत. पाय पुढं आला. मी दाराशी उभी होते, मला तो पाय नऊ महिन्यांत पहिल्यांदा पूर्ण दिसला. दादांनी साबणाचा जरासा फेस करून तळव्यावरनं फिरवला, पाणी ओतलं, आणि मऊ जुन्या धोतराच्या तुकड्यानं एकेका बोटाची फट कोरडी केली. ज्या जागी बोट नव्हतं तिथंही तितकाच वेळ. ओल राहिली की फटीत चिरा पडतात, म्हणून. मग हाताची मागची बाजू टाचेपासून बोटांपर्यंत सावकाश फिरवली. दोन्ही पायांवरनं, दोनदोनदा. डाव्या चवड्याच्या बाहेरच्या कडेला थांबले. हितं गरम लागतंय बगा. मला हात लावायला लावला. खरंच, बाकीच्या पायापेक्षा तेवढी जागा गरम होती, वरनं काही दिसत नसताना. तिथं रोज दाब येतोय, आतलं मांस दुखावलंय, आणि दुखतंय हे सांगणारं कुणी नाही. पुढची जखम तिथं झाली असती.

आण्णांनी मला हात लावू दिला. ते माझ्या लगेच ध्यानात आलं नाही, घरी आल्यावर आलं.

माप घ्यायची पद्धतही सांगते. तळव्याला शाईचा पातळ हात देऊन कागदावर उभं करतात. जिथं ठसा काळाकुट्ट उमटतो तिथं भार जास्त. त्या ठशाभोवती पेन्सिल फिरवून पायाचा आकार घेतात. मग त्या काळ्या जागांच्या बरोबर खाली तळाला खोलगट करतात, शेजारच्या जागेला जरा उचल देतात, म्हणजे भार वाटून जातो. आण्णांचे दोन्ही पाय वेगळ्या मापाचे निघाले. दुकानातली जोडी एकाच मापाची असते, मग एक पाय तरी चुकीच्या घरात राहणारच.

तळ एम.सी.आर.चा, म्हणजे मायक्रोसेल्युलर रबराचा. चिमटीत धरून दाबला की निम्म्यावर यायला पाहिजे आणि सोडला की परत फुगायला पाहिजे, तर तो खरा. खाली टणक रबराचा दुसरा तळ, म्हणजे काटा, काच वर येत नाही. सगळं चिकटवून शिवलेलं, चूक एकही नाही. मागं टाचेला पट्टा, पुढं दोन रुंद पट्टे, अंगठ्याला काहीही नाही. पट्ट्यांचं कातडं आत मऊ, शिवण बाहेरच्या बाजूला, पायाला लागणार नाही अशी.

हे काम ते कुठं शिकले? मिरजेकडच्या एका मिशन दवाखान्यात कुष्ठरुग्णांसाठी चपला करायचा विभाग होता, तिथं बावीस वर्षं होते. कुष्ठरोगातही पायाची जाणीव जाते, शुगरमध्येही जाते, म्हणून तीच चप्पल दोघांना चालते. ही समज आली कशी, ते मी नंतर वाचून काढलं. डॉ. पॉल ब्रँड म्हणून एक सर्जन होते. १९१४ साली तमिळनाडूतल्या कोल्ली डोंगरावर मिशनऱ्याच्या घरात जन्मले, १९४६ मध्ये वेल्लोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयात आले. कुष्ठरोगानं मांसच सडतं आणि बोटं आपोआप गळतात असं तोवर लोक धरून चालायचे. ब्रँड आणि त्यांच्या सोबत्यांनी दाखवून दिलं की मांस चांगलं असतं, जखमा भरतातसुद्धा. बोटं जातात ती वेदना नसल्यामुळं, खिळा टोचला तरी माणूस चालत राहतो म्हणून. एवढं कळल्यावर चप्पल हे औषध झालं. मोठमोठे सर्जन मग तळाला कुठलं रबर लावावं यावर डोकं घालत बसले आणि कुष्ठरोगाच्या दवाखान्यातून चांभारकामाचे विभाग सुरू झाले.

आपल्याकडं मिशन म्हटलं की १८५२ साली कोल्हापुरात आलेले मिशनरी वाइल्डर आठवतात, १८९४ मध्ये मिरजेला दवाखाना उभा करणारे डॉ. वानलेस आठवतात. कोल्हापुरातल्या दवाखान्याला वानलेसांच्या पत्नीचं, मेरी वानलेसांचं नाव आहे. त्या लोकांनी केलं ते मोठंच. पण चपलेच्या विभागात बावीस वर्षं रापी आणि आरी घेऊन बसलेल्या माणसाचं नाव कुठल्या भिंतीवर नाही, आणि दादांच्या मनातही तसं काही येत नाही. बाप्तिस्मा करणारा योहान येशूबद्दल म्हणाला होता, त्याच्या वहाणांचा बंद सोडायलाही मी लायक नाही. मला इतकी वर्षं ते नुसतं बोलायचं वाक्य वाटायचं. वहाणेचा बंद म्हणजे काय काम असतं, बसून, वाकून, दुसऱ्याच्या घामाचा वास घेत, हे त्या खोलीत कळतं. आणि जो पेत्र पाय धुऊ देत नव्हता तोच पुढं यापो गावी कातडी कमावणाऱ्या शिमोनाच्या घरी जाऊन बरेच दिवस राहिला. ज्या घराचा वास चारचौघांना नको असायचा, त्या घरात. पोरांना आता हे दोन्ही एकत्र सांगते.

पैशांबद्दल. जोडीला एक हजार सहाशे पन्नास रुपये घेतले. तळ बदलायचे साडेतीनशे. मी पहिल्यांदा गेले तेव्हा मनात होतं की मिशनमधला माणूस आहे, सेवा म्हणून करत असेल, कमी घेईल. बोलूनही दाखवलं. दादा हातातलं काम न थांबवता म्हणाले, मजुरी सोडत न्हाई ताई. आणि मग जे सांगितलं ते मी विसरणार नाही. दवाखान्यात चपला फुकट द्यायचे. पेशंट हात जोडून घेऊन जायचे आणि घरी कोपऱ्यात ठेवायचे. कुठंतरी काचत असायची, पण फुकट मिळालेल्या वस्तूला नावं कशी ठेवायची? सांगायला कुणी यायचं नाही, आणि जखम मात्र यायची. तेव्हापासून ते गरिबातल्या गरिबाकडनंही काहीतरी घेतात. कुणाकडनं पन्नास, कुणाकडनं वीस. पैसं दिलेला माणूस भांडायला येतो, म्हणाले, आणि तो आला की मला कळतं कुठं लागतंय ते.

मला यातलं मोठेपण हे वाटतं की समोरच्याला तक्रार करायचा हक्क त्यांनी ठेवलाय. आपण मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, सेवा हा शब्द फार सैल वापरतो. झाडणाऱ्या बाईला, घंटा वाजवणाऱ्याला, प्रभूची सेवा समजून करा म्हणून वर्षानुवर्षं तेवढ्याच पगारात ठेवतो. कामकरी आपल्या मजुरीला योग्य आहे हेही त्याच प्रभूनं सांगितलंय. आणि आपण कुणाला काही देतो तेव्हा त्यानं फक्त आभार मानावेत अशी सोय करून ठेवतो. घोंगडी दिली तर फोटो, शिधा दिला तर फोटो. घोंगडी टोचते असं म्हणायची त्या माणसाची टाप नसते.

एकदा आम्ही बसलेले असताना एक गृहस्थ आले. आधीची जोडी त्यांनी विकून दारू प्याली होती, हे तेच सांगत होते, वर दादांनाच दोन शब्द सुनावत होते की चप्पल टिकली नाही. दादांनी टब ओढला, कोपर घालून पाणी बघितलं, दोन्ही पाय धुतले, पुसले, हाताची मागची बाजू फिरवली. माझ्या मनात आलं, येशूनं पाय धुतले त्या रात्री त्याला धरून देणारा यहूदाही तिथं बसलेला होता आणि त्याचेही पाय धुतले गेले होते. मात्र दादांनी या वेळी पैसे आधी मागून घेतले.

आता उणं काय, तेही सांगते, कारण म्हाताऱ्या माणसाला घेऊन जायचं असतं.

दारात दोन उंच पायऱ्या आहेत आणि धरायला काही नाही. सोबत माणूस पाहिजेच. खोलीत उजेड कमी. बसायला एकच खुर्ची. दादा फोन उचलत नाहीत, आणि दिलेली तारीख पाळत नाहीत. आमची जोडी आठ दिवसांची सतरा दिवसांत मिळाली, तीन हेलपाटे झाले. मी रागावले तर म्हणाले, डाव्याचा खोलगा मनासारखा बसंना, दोनदा काढला. ते खरं असेलही, पण एक फोन करायला हरकत नव्हती. त्यांचं बोलणं तुटक आहे, पहिल्यांदा गेलेल्याला रागीट वाटतील. रविवारी खोली बंद असते, आणि गावाकडं पाळकसाहेब, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, नसले की उपासना दादांनाच घ्यावी लागते, मग सोमवारीही बंद.

चपलेचे दोष : वजनाला जड आहे. पहिल्या पावसाळ्यात बक्कल गंजलं, ते त्यांनी बदलून दिलं, पण आधीच चांगलं लावायला पाहिजे होतं. पट्ट्यांवर बुरशी येते, आठवड्याला पुसून तेलाचा हात द्यावा लागतो. एम.सी.आर. दहा महिन्यांत बसला, म्हणजे चपटा झाला. दिसायला चप्पल नवीन दिसते पण आतला जीव गेलेला असतो, म्हणून तो चिमटीचा दाब दर महिन्याला करून बघा. आम्ही एप्रिलमध्ये तळ बदलून घेतला.

आणि दिसण्याचं. पूर्वी या काळ्या रबराच्या चपला म्हणजे कुष्ठरोग्याची खूण समजायचे. त्या पायात बघून बसमध्ये शेजारचा माणूस उठून जायचा, म्हणून पेशंट त्या पिशवीत घालून न्यायचे आणि दवाखान्याच्या दारात घालायचे. हे दादांनी डोळ्यानं बघितलंय. म्हणून ते आता वरचे पट्टे कोल्हापुरी कातड्याचे लावतात, त्याच बाभळीच्या सालीत कमावलेले, कडेला वेणीसुद्धा घालतात. वेणीला दीड तास जातो आणि पायाला तिचा काडीचा उपयोग नाही. मी विचारलं, मग कशाला? लग्नाला घालता यावी, म्हणाले. आण्णा माझ्या भाच्याच्या लग्नात तीच घालून मांडवात फिरले. करकर तेवढी येत नाही, तिची त्यांना खंत आहे.

नवीन चप्पल घेतल्यावर काय करायचं ते दादा दोनदा म्हणवून घेतात. पहिल्या दिवशी अर्धा तास घालायची, काढायची, पाय बघायचा. लाल डाग पडला आणि अर्ध्या तासात गेला नाही तर तशीच परत आणायची. मग तास, मग दोन तास. घालायच्या आधी दर वेळी चपलेत हात फिरवायचा, खडा असतो. रात्री पाय धुऊन, फटी पुसून, तळवा आरशात बघायचा किंवा घरातल्यानं बघायचा. आमच्याकडं हे काम माझं आहे. आण्णा टी.व्ही.समोर बसून पाय पुढं करतात. हाताची मागची बाजू टाचेकडनं वर, दोनदोनदा. डाव्या चवड्याची ती जागा आता थंड असते.

यंदाच्या पवित्र गुरुवारचंही सांगते, ते या चपलेशी जोडलेलं आहे म्हणून. येशूनं शिष्यांचे पाय धुतले त्याची आठवण म्हणून आमच्या मंडळीत त्या संध्याकाळी पाळकसाहेब बारा जणांचे पाय धुतात. आण्णा पूर्वी दरवर्षी असायचे. घरनं निघताना दोनदा पाय धुणार, नवे मोजे घालणार, नखं कापणार. बाकीचेही तसेच. मंडळीत येऊन जे धुतले जायचे ते आधीच स्वच्छ असलेले पाय. मला त्यात कधी काही वावगं वाटलं नव्हतं, देवाच्या घरात नीट जावं हे बरोबरच. मागच्या वर्षी जखम होती म्हणून आण्णांनी नाव दिलं नाही. यंदा स्वतः जाऊन दिलं. त्या दिवशी दुपारी बँकेत जाऊन आले, चालत, आणि तसेच मंडळीत आले. मोजे नाहीत. पहिल्या बाकावर बसून त्यांनी बक्कल सोडलं, चप्पल बाकाखाली सरळ लावून ठेवली आणि पाय पुढं केला. तळव्याला रस्त्याची धूळ होती. पाळकसाहेब तरुण आहेत, नवीन आलेत. बोट नसलेल्या जागेशी त्यांचा हात थांबला. जोरानं धरावं की नाही हे त्यांना कळेना. आण्णा वाकून हळू आवाजात म्हणाले, दुखत न्हाई साहेब, नीट धुवा. आणि फटीसुद्धा पुसा, ओल राहू देऊ नका.

पाळकसाहेबांनी पुसल्या. मग पुढच्या माणसाच्याही.

ज्यांना जायचं आहे त्यांनी शाईचा ठसा घ्यायला सकाळी दहाच्या आत जावं, तेव्हा खोलीत उजेड असतो. पत्ता हवा असेल तर मला विचारा, मी सोबत येते. त्या दोन पायऱ्यांना हात धरायला माणूस लागतोच. डॉक्टरांचा कागद विसरू नका. आणि जुनी चप्पल टाकून देऊ नका, घेऊन या. फाटकी असली, वास येत असला तरी चालेल, पुसूनसुद्धा आणू नका. ती उलटी करून बघितल्याशिवाय दादा मापाला बसत नाहीत.